पाणबुड्याचा दुसरा भाग

मी माझ्या दादाला एक कॉमिक वाचू दिलं नाही.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून चार वेळा चहा टाकला, एकदाही पूर्ण प्यायले नाही. गॅलरीत जाते, परत येते. म्हटलं, इथे ग्रुपवर लिहून टाकावं.

तुमच्यातले बरेच जण अशोकदादाला ओळखतात ते चाकणच्या कंपनीतला क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. पार्ट हातात घ्यायचा, उजेडात तिरका धरायचा आणि एकच शब्द बोलायचा. ओके. नाहीतर रिजेक्ट.

कॉमिक्सचा नाद मला त्यानेच लावला. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कॉमिक्स जप्त करायच्या. दादा मराठी शाळेत. तो कुठून कुठून मिळवून घरी आणायचा.

मी दुसरीत असताना मला गोवर आला होता. तेव्हा त्याने एक आणलं.

एक पाणबुड्या बुडालेल्या जहाजात शिरतो. मागे दार बंद होतं. टाकीत दहा मिनिटांची हवा. वर होडीत त्याचा कुत्रा भुंकतोय.

आणि पहिला भाग संपला.

मी रडून घर डोक्यावर घेतलं. "मेला का तो? सांग ना, मेला का?"

दुसऱ्या दिवशी दादा शाळेतून आला आणि दप्तरही न काढता म्हणाला, "बेबी, दुसरा भाग वाचला मी. मित्राकडे. कुत्रा पाण्यात उडी मारतो. दातात दोरी धरून खाली जातो आणि दार ओढून उघडतो."

"खरंच?"

"शप्पथ."

त्या दिवशी मला झोप लागली.

तो दुसरा भाग आम्हाला पुढे कधीच मिळाला नाही. माझी दोन कपाटं कॉमिक्सनी भरली, पण न मिळालेल्या अंकांच्या यादीत तो कायम पहिला.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं कॉमिक्सच्या कन्व्हेन्शनला जायला लागलो. मोशीच्या मैदानावर कॉमिक्समधल्या पात्रांसारखी नटलेली, पंखवाली, मुखवटेवाली विशी-पंचविशीची पोरं, आणि त्यात आम्ही. कापडी पिशवी, चष्मा, यादी.

दादा तिथेही इन्स्पेक्टरच. प्रत्येक अंक उजेडात तिरका.

"काका, घ्यायचंय की ऑडिट आहे?" स्टॉलवाला वैतागला.

"स्टेपल गंजलीय. रिजेक्ट."

"अहो राव, पन्नास वर्षांचं पुस्तक आहे!"

"मी सहासष्ट वर्षांचा आहे. मी कुठे गंजलोय?"

गेल्या वर्षी त्याच स्टॉलवर मला तो सापडला. पाणबुड्याचा दुसरा भाग. जाड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, वर अंकाचा दर्जा छापलेलं स्टिकर. भाव न करता घेऊन टाकला.

बाहेर बाकावर बसलो. दादा म्हणाला, "उघड ना."

"वेडा आहेस का? सील तुटलं की दर्जा गेला, किंमत गेली."

"अगं, वाचायलाच असतं ना ते?"

"पण तू तर वाचलंयस!"

त्याने पाकीट हातात घेऊन तिरकं धरलं. मग म्हणाला, "हो. वाचलंय की."

थोड्या वेळाने परत, "मग तू तरी वाच."

"मला शेवट माहितीये. तूच सांगितलास."

रिक्षात घरी रहाटणीला पोहोचेपर्यंत तो बाहेरच बघत होता. मला वाटलं, चालून दमला.

दोन महिन्यांनी गेला. फिरायला जाण्यासाठी बूट घालत होता.

दिवसकार्य झाल्यावर वहिनीने विचारलं. माझी वहिनी राजगुरुनगरकडची. "बेबीताई, ते प्लॅस्टिकमधलं पुस्तक उघडलं का वो तुमी?"

"नाही. का गं?"

"न्हाई, हे दोनतीनदा म्हनले, बेबीनं उघडलं आसंल का. मी म्हनलं, फोन करून इचारा की. तर म्हनले, नको, तिला काय वाटंल."

"काय वाटेल?"

"ते न्हाई बोलले."

वर्षभर हे वाक्य माझ्या मागे फिरतंय. पाकीट कपाटातून काढायचे, परत ठेवायचे.

गेल्या रविवारी पुन्हा कन्व्हेन्शन होतं. एकटी गेले, पाकीट पिशवीत घेऊन. चार फेऱ्या मारल्या, एका स्टॉलवरही नजर ठरेना. केप घातलेला एक मुलगा म्हणाला, "आंटी, पाणी आणू का?"

मग भिंतीला टेकून खालीच बसले आणि किल्लीने सील फाडलं.

शेजारी निळा विग घातलेली मुलगी ओरडली, "आंटी! सील!"

वाचलं. पानं मोजली, मधलं एखादं गळालंय का बघितलं. परत वाचलं.

कुत्रा उडी मारत नाही. दोरी नाही.

दादाने तो भाग कधीच वाचला नव्हता.

तेरा वर्षांच्या मुलाने आजारी बहिणीला झोप यावी म्हणून शेवट रचला होता. पाणबुड्याचं पुढे काय झालं ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. मोशीच्या बाकावर त्याला फक्त तेवढंच बघायचं होतं, आणि मागायचं तर ती जुनी थाप कबूल करावी लागली असती.

आणि मी म्हणाले, तू तर वाचलंयस.

दादा, ऐक.

पाणबुड्या मरत नाही. वाचतो.

पाठीवरची टाकी काढून टाकतो, जहाजाच्या छोट्या खिडकीतून अंग चोरून बाहेर पडतो. एकटाच वर येतो. तोवर कुत्रा भुंकून भुंकून दमलाय, होडीतच झोपलाय. पाणबुड्या वर चढतो तेव्हा कुत्रा एक डोळा उघडून बघतो आणि परत मिटतो.

बस, एवढंच आहे. सोळा पानं. पाच मिनिटं लागली असती तुला.

तू खूप हसला असतास रे.

मनापासून नमस्कार, दादा. मला माफ कर.

तुझी बेबी