तिच्या पदराचा बिल्ला

सकाळी मी नि बायकोनं बिरड्याचे वाल सोलले. तिच्या बोटांत जोर नव्हता, दोन सोलायची नि थांबायची.

"अवो, वाल सोलताय का चेचताय?"

"तू गप गो. तुझे दोन होतात तवर माझे वीस."

"त्यातले दहा फुटलेत."

दुपारी ती गेली. रक्ताचा कॅन्सर होता. संध्याकाळी तिला जाळून आलो, तर वालाचं ताट तिथंच.

मी तिसरीपर्यंत शिकलो. दहा-बारा वर्षांमागं आम्ही दोघं पोलादपुराहून एकाच गाडीनं महाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत कामाला जायचो. कारखान्यात पाइपांचे जोड किरणांनी फोटो काढून तपासत. मी त्या ठेकेदाराकडं मदतनीस, ती झाडूवाली. फोटोच्या वेळी कुणी जवळ येऊ नये म्हणून दोरी बांधायचे, पण ती झाडत झाडत आत यायची. फोटोवाल्यांना घाई, कोण थांबतंय?

मला छातीला लावायला बिल्ला दिलेला. अंगावर किरणं किती पडली ते त्यात उमटतं. मला वाटलं, तो किरणं अडवतो, ताइतासारखा. म्हणून मी तो तिच्या पदराला आतून लावला. दोन महिने तिच्याच अंगावर होता.

बिल्ला तपासून आला तो वाईट, किरणं फार. मला मुंबईला नेऊन रक्त घेतलं. किरणांची खूण रक्तात राहते म्हणे. माझं रक्त साफ निघालं.

"बिल्ला यंत्रापाशी विसरला असशील. सुटलास," साहेब म्हणाला. मी पेढे वाटले. मग उमगलं, बिल्ल्यात उमटलं ते तिच्या अंगावरचं.

घरी तिला म्हटलं, "तुझं रक्त बघाया हवं. साहेबाला खरं सांगतो."

"नि दोघांचीबी कामं घालवा! मला काय धाड भरलीय? हा बघा, हंडा उचलते."

तिनं हंडा उचलला. मी साहेबाकडं गेलोच नाय.

इतक्या वर्षांनी तिचा आजार निघाल्यावर डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, आता तिच्या रक्तात खूण बघा.

"बाबा, किरणांनी रक्तातल्या जनुकांच्या कामात फरक पडतो, त्यावरून ओळखायचं शोधतायत हल्ली. पण तो थोड्या दिवसांत पुसला जातो, आणि तुमच्या रक्तात तेव्हा शोधली ती खूणही वर्षांनी विरत जाते. आणि आता आजारानं, औषधांनी त्यांचं रक्तच बदललंय. किरणांनीच झालं असं मी म्हणू शकत नाही. नाही झालं, असंही नाही."

तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर कळलं असतं. आता कुणालाच कळणार नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं वसाहतीत गेलो. सुतकात कुठं निघालास म्हणून भावकी ओरडत राहिली. फाटकावरच्या रखवालदाराला म्हटलं, "लिहून घ्या. तो बिल्ला माझ्या अंगावर नव्हता. बायकोच्या होता."

"कसला बिल्ला, आजोबा? कोण पायजे तुमाला?"

ठेकेदाराचं नाव सांगितलं. तो कधीच काम सोडून गेलेला. मी हलेना, तेव्हा रखवालदारानं येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही पुढं सरकवली. नाव लिहिलं. गाव लिहिलं. कामाच्या रकान्यात लिहिलं, बिल्ला बायकोच्या अंगावर होता. जागा पुरली नाय. खालच्या ओळीत गेलो.