नूरबानूच्या हातातलं लाटणं

मस्कतच्या घुब्रा भागातल्या त्या चार मजली इमारतीची गच्ची वर्षभर डिश अँटेनांची आणि कबुतरांची असायची. फेब्रुवारी लागला की ती नूरबानूची व्हायची. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पण वॉचमन आपणहून किल्ली तिच्या दारात आणून द्यायचा, आणि वर कुणाच्या चादरी वाळत असतील तर त्याही आधीच खाली उतरवून ठेवायचा.

फेब्रुवारीच का, असं नवी आलेली प्रत्येक बाई विचारायची.

"एप्रिलचं ऊन इथे पापड वाळवत नाही गं, भाजून काढतं," नूरबानू सांगायची. "कडा होडीसारख्या वर येतात. मग तळायला गेलीस की मधे कच्चा नि बाजूने काळा."

ती मूळची श्रीवर्धनजवळच्या एका खेड्यातली. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून बोलणं खणखणीत. निकाह झाला आणि जमालभाईंच्या पाठोपाठ ती मस्कतला आली. जमालभाईंचं तिथल्या गाला नावाच्या वस्तीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. नावाला ओमानी अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, राबायला हे. नवरा सकाळी जायचा तो रात्रीच यायचा. पहिल्या हिवाळ्यात घर खायला उठलं तेव्हा ती पोह्याचं पीठ कुटून एकटीच गच्चीवर जाऊन बसली. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरची वसुंधरा आली, चिपळूणची. मग आजूबाजूच्या इमारतींतूनही बायका यायला लागल्या. रत्नागिरीच्या, महाडच्या, मुरुडच्या. कोण कुठल्या घरातली, हे पापडाच्या पिठाला कधी विचारावं लागलं नाही.

गच्चीवर तिचे काही कायदे होते. सगळ्यांनी ऊन पाठीवर घेऊन ओळीने बसायचं. समोरच्या इमारतीत कामगारांच्या खोल्या, खिडक्या सताड उघड्या. तेव्हा नूरबानू आणि तिच्याकडच्या बायका अबाया घालूनच वर यायच्या. वसुंधरा आणि बाकीच्या ओढण्या अशा गुंडाळायच्या की फक्त डोळे दिसावेत, कारण ऊन आणि उडणारं पीठ. लांबून बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच दिसायच्या.

दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत तिची लेक उमामा मेलबर्नहून माहेरी आली होती. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून तिने एक फोटो काढला. पांढऱ्या चादरींवर ओळीने वाकलेल्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे उभी नूरबानू, हातातलं लाटणं उगारून. नेमकी त्याच क्षणी ती मुरुडच्या गुलबानूवर ओरडत होती, "हा पापड आहे की तांदळाची भाकरी? पातळ लाट, पातळ! पलीकडचं बोट दिसलं पाहिजे!"

बायका हसून हसून आडव्या झाल्या, पण तो हशा काही फोटोत आला नाही. परत गेल्यावर उमामाने तो फोटो मेलबर्नच्या खवय्यांच्या एका फेसबुक गटावर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या अम्मीची गच्ची. कुणाला घरचे पापड हवेत?' गच्ची कुठल्या देशातली, हे लिहायचं मात्र राहून गेलं.

सप्टेंबरच्या शेवटी जावई जिब्रानचा फोन आला. उमामाचं पहिलंच बाळंतपण, नोव्हेंबरच्या सुरुवातीची तारीख. नूरबानूचं तिकीट काढून झालं होतं, बाळंतविडा भरून तयार होता. पहिल्या बाळंतपणाला आई जवळ नसली तर मग ती आई कसली?

"अम्मी, रागावू नका," जिब्रान चाचरत म्हणाला. "तुमचं तिकीट थोडं पुढे ढकलू या का? इथली नोव्हेंबरअखेरची निवडणूक झाली की मग या."

"निवडणुकीला मी उभी आहे का?"

मग त्याने सांगितलं. त्यांच्याच भागातला विधानसभेचा सदस्य. पुन्हा उभा होता. त्याने तो फोटो उचलला होता आणि वर लिहिलं होतं, 'आपल्या उपनगरातल्या छतांवर हे चाललं आहे. यांच्या म्होरकीच्या हातात काय आहे ते नीट बघा. मोठी माध्यमं तुम्हाला हे दाखवणार नाहीत.' हजारो लोकांनी तो पुढे पाठवला होता. कुणीतरी शोधून काढलं की मूळ फोटो उमामाने टाकलेला. ती ज्या पाळणाघरात काम करायची तिथल्या एका आईने मुलाला न्यायला येताना तिच्याशी बोलणंच सोडलं होतं.

मागून उमामाचा रडवेला आवाज आला. "अम्मी, तू आलीस आणि कुणी तुला ओळखलं तर? मला भीती वाटते गं."

नूरबानूने फोन ठेवला. ओट्यावर मेथीचे लाडू वळायला घेतलेलं मिश्रण तसंच गार होत पडलं. तिची लेक तिला येऊ नको म्हणाली होती. का, तर तिने लाटणं धरलं होतं!

ती उठली आणि तरातरा खाली वसुंधराकडे गेली. वसुंधराचा नवरा एकनाथ विमा कंपनीत होता. इंग्रजी पत्रं खरडण्यात त्याचा हात बसलेला. त्याने लॅपटॉपवर शोधाशोध केली. त्या सदस्याने टाकलेला फोटो फेसबुकवर नव्हताच. ओपनयार्ड नावाच्या कुठल्याशा नव्या ठिकाणी होता.

"हे काय असतं?" वसुंधराने विचारलं.

"फेसबुकचा वाया गेलेला भाऊ समज. तिथे जे बोललं तर हाकलतात, ते बोलायला लोक इथे येतात. आणि अलीकडे पुढारीही येतात त्यांच्या मागे. इथे कुणी खरंखोटं विचारत नाही ना."

फोटो पडद्यावर मोठा झाला. नूरबानूने स्वतःला बघितलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते एकनाथने पटकन वर सरकवलं. पण तिला तेवढं इंग्रजी येत होतं.

"म्होरकी म्हणे," ती म्हणाली. "अरे, एकदा विचारायचं तरी! बाई, तुझ्या हातात काय आहे? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. वर चार पापड बांधूनही दिले असते."

"आणि ही दुसऱ्या ओळीतली मी," वसुंधरा पडद्याजवळ जात म्हणाली. "माझी ती जांभळी ओढणी. म्हणजे मीसुद्धा त्यांच्या टोळीत?"

"तू तर माझी उपम्होरकी," नूरबानू म्हणाली. दोघींना हसू आलं, आणि लगेच विरलं.

एकनाथने तक्रार लिहून काढली आणि वाचून दाखवली. "ऐका भाभी, मी अगदी मुद्द्याचं लिहिलंय. 'हे छायाचित्र मस्कतचं आहे. यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया हिंदू आहेत. हा मुस्लिमांचा कार्यक्रम नसून पापड करण्याची भारतीय परंपरा आहे.'"

नूरबानू हळूच म्हणाली, "आणि सगळ्या आम्हीच असतो तर, एकनाथभाऊ?"

"तसं नाही हो भाभी. त्यांना लवकर पटावं म्हणून..."

"काय पटावं? वसूने लाटला तर पापड, आणि गुलबानूने लाटला तर काय बाँब होतो?"

एकनाथने चष्मा काढून पुसायला घेतला. तो वाईट माणूस नव्हता. रमझानात हौसेने तिच्या घरी इफ्तारला येणारा, ईदच्या बिर्याणीत हक्काने वाटा मागणारा. म्हणूनच तिला जास्त लागलं. तो तिकडचा माणूस तिला ओळखत नव्हता, त्याने घाण केली. हा तर ओळखत होता, आणि याने तिला सोडवायला निघताना आधी तिच्यापासून स्वतःच्या बायकोला वेगळं काढलं.

"पुसा ते लिहिलेलं," वसुंधरा नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पण तसं लिहिलं तर..."

"पुसा म्हणते ना. लिहा, या बायका पापड लाटतायत. फोटो मस्कतचा आहे. तो काढून टाका. बास. खलास."

एकनाथने पुसलं. मान वर न करता म्हणाला, "चुकलंच माझं, भाभी."

ओपनयार्डचं उत्तर आलं. 'आमच्याकडे प्रत्येकाला बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. तुम्हालाही आहे. आपलं मत फोटोखाली नोंदवा.' म्हणजे ज्या गटारात तुमचा फोटो फेकलाय त्यातच उतरा नि ओरडा, तुम्हाला कोण अडवतंय! तीच तक्रार सदस्याच्या कार्यालयालाही पाठवली होती; तिथून कळवलं की ते पान माननीय सदस्यांचे हितचिंतक चालवतात, कार्यालयाचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच पानावर माननीय सदस्य दर आठवड्याला स्वतःच्या तोंडाने भाषण ठोकत होते. हितचिंतकांनी त्यांचं तोंडही उसनं आणलं होतं की काय, कोण जाणे.

आणि मग वसुंधराला त्याचं फेसबुकवरचं पान सापडलं. ती धावतच वर आली.

"नूरभाभी, हे बघा."

तोच माणूस. गळ्यात भगवं उपरणं, कपाळावर गंध. तिथल्या मंडळाच्या गणपतीला आलेला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या कष्टाळू भारतीय बांधवांचा मला अभिमान वाटतो. काय ते जेवण!' एका हातात जेवणाची थाळी, आणि दुसऱ्या हातात...

"ते काय आहे त्याच्या हातात?" नूरबानूने विचारलं.

"पापड," वसुंधरा म्हणाली.

इतके दिवस आवरून धरलेला नूरबानूचा संताप आता उसळून आला. चूक झाली असती तर ती माफ करणारी बाई होती. माणसाला लाटणं माहीत नसतं, होतं असं. पण ही चूक नव्हती. इथे गोड तोंड, तिथे कडू. इथे मतं मागायला गंध, तिथे मतं मागायला विष. दोन ओट्यांवर दोन चुली पेटवून ठेवलेल्या, आणि एकीचा धूर दुसरीकडे जाऊ नये याची चोख व्यवस्था! पापड खायचा, आणि लाटणारीच्या नावाने शंख करायचा!

जमालभाई दुकानातून आले तेव्हा ती बॅग भरत होती.

"जाऊ दे ना नूर. मोठी माणसं ती. जिब्रान म्हणतो तसं डिसेंबरात जा."

"डिसेंबरात कशाला? नातवाच्या लग्नालाच जाते की." तिने कपड्यांच्या घडीत लाटणं ठेवलं. "त्या मेल्याने माझा फोटो घेतला. माझ्या लेकीचं बाळंतपण नाही घेऊ देणार मी त्याला."

उमामाला तिने फोनवर एवढंच सांगितलं, "तुला भीती वाटते ना, म्हणून तर येते. भीती वाटते तेव्हाच आई लागते."

पलीकडून उमामा म्हणाली, "अम्मी, पापड आण."

मेलबर्नच्या विमानतळावर लाकडी वस्तू दाखवाव्या लागतात. तपासणीच्या टेबलावरच्या तरुणाने लाटणं हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, हे कशाला? नूरबानूने टेबलावर हवेतच एक पापड लाटून दाखवला. तो हसला, त्याने लाटणं पुन्हा नीट कपड्यांत ठेवलं. विचारलं, उत्तर मिळालं, संपलं. किती सोपं होतं ते!

मुलगी झाली. नूरबानूने तिला न्हाऊमाखू घातलं, उमामाला लाडू खायला घातले. फोटो ओपनयार्डवर होता तसाच होता.

मतदानाच्या दिवशी जिब्रान जवळच्या शाळेत निघाला, तेव्हा ती अबाया चढवून दारात उभी.

"अम्मी, तुमचं तिथे काय काम?"

"दूध आणायचंय. वाटेतच दुकान आहे ना?"

शाळेच्या फाटकाबाहेर लोक रांगेत उभे होते, आवारात मतदानादिवशीच्या तिथल्या रीतीप्रमाणे पावात घालायला सॉसेज भाजत होते. आणि फाटकापासून थोडं अलीकडे तोच सदस्य उभा होता. हातात पत्रकं, छातीवर फीत. त्याने जिब्रानला पाहिलं, तिला पाहिलं, आणि पत्रकं बगलेत मारून दोन्ही हात जोडले.

"नमस्ते!"

त्याने तिला ओळखलंच नव्हतं. हजारो घरांत पोचवलेला तो चेहरा त्याने स्वतः एकदा नीट पाहिलासुद्धा नव्हता.

"माझा फोटो काढून टाक," नूरबानू मराठीत म्हणाली.

"लव्हली, लव्हली," तो मान डोलावत म्हणाला.

"जिब्रान, सांग त्याला."

"अम्मी, चला ना. लोक बघतायत."

"म्हणूनच सांग."

सुरुवात जिब्रानने पुटपुटतच केली, पण बोलता बोलता आवाज चढला. "या माझ्या सासूबाई. तुमच्या त्या दुसऱ्या पानावर गच्चीवरच्या फोटोत पुढे उभ्या आहेत, त्या याच. ती गच्ची मस्कतची आहे. त्यांच्या हातात पापडाचं लाटणं आहे. गणपतीत तुम्ही खाल्लात, तो पापड. फोटो काढा, म्हणतायत."

रांगेतल्या माना वळल्या. त्याची पत्रकं वाटणाऱ्या मुलीने फोटोसाठी वर धरलेला फोन खाली घेतला. सदस्याचं हसू जागच्या जागी होतं. त्या पानाविषयी आपल्याला काही कल्पना नाही, असं तो म्हणाला.

"काय म्हणतो?"

"माहीत नाही म्हणतो."

"मग आता झालं माहीत. म्हणावं, काढ. मी आहे इथेच उभी."

जिब्रानने तेही सांगितलं आणि मत द्यायला आत गेला. सदस्य पुढच्या माणसाकडे वळला. नूरबानू हातात रिकामी पिशवी धरून फाटकापाशी उभी राहिली. काही बोलली नाही, कुणाच्या वाटेत आली नाही.

तेवढ्यात एक भारतीय जोडपं आलं; बाई साडीत. सदस्याने पत्रकं पुन्हा बगलेत मारली. हात जोडायला वर उचलले, आणि त्याची नजर नूरबानूवर गेली. हात अर्ध्यावरच थांबले. ते कुठे ठेवावेत हे त्याला क्षणभर सुचेना. मग त्याने ते कोटाच्या खिशात घातले.