सगळी झाडं ऐन

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक व्हायला नको. दूधवाल्याने चरवी डाव्या हाताने ओतली तरी मला दुधात पाणी दिसायचं. आई म्हणायची, ह्याला देवाने प्रसाद दिला तरी हा आधी उलटा करून बघेल. शहापूरच्या मराठी शाळेत मी मास्तर झालो तेव्हा हा गुण उपयोगी पडला. मुलं मला फसवायच्या भानगडीत पडत नसत. पण ह्याच गुणाने मी एकदा एका पाड्याचं जे नुकसान केलं ते अजून माझ्या मनातून जात नाही.

महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. त्या वर्षी कार्तिकात मुंबईच्या एका कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आमच्या शाळेत आले. अंगात खाकी कोट, डोक्यावर सोला हॅट, मुक्काम खर्डीकडच्या सरकारी बंगल्यात. त्या बंगल्यात जंगलखात्याचे साहेब सोडून कुणी उतरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांना रानातल्या पाड्यांवरच्या लोकांची घरची बोली टिपून घ्यायची होती, आणि वाट दाखवायला कुणी तरी हवं होतं. हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलीभाषा कशाला हवी, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, सत्य म्हणजे काय, आत्मा म्हणजे काय, हे आम्ही हजारो वर्षं विचारत आलो, पण ज्या शब्दांत विचारतो ते शब्द कधी नीट तपासलेच नाहीत. आता भाषा तपासल्याशिवाय तत्त्वज्ञानाला पुढे वाट नाही. त्यांचं मत होतं की ज्या गोष्टीला माणसाकडे शब्द नाही, त्या गोष्टीचा त्याला विचारही करता येत नाही. मी म्हटलं, तान्ह्या लेकराला कुठे शब्द येतो, पण भूक कळतेच की. त्यावर ते म्हणाले की भूक लागणं वेगळं आणि भुकेचा विचार करणं वेगळं.

मला ते आवडलं. पण एखादी गोष्ट आवडली की माझा संशय दुप्पट होतो. एवढा गोड बोलणारा माणूस जंगलखात्याच्या बंगल्यात का राहतो, हे कोडं काही सुटेना.

ह्या संशयाला कारण होतं. खर्डीपासून दीड-दोन तासांच्या चालीवर डोंगराच्या पोटाशी एक पाडा होता, पंधरा-वीस घरांचा. पाड्याच्या वतीने चार लोकांत बोलणारा जो माणूस, त्याला सगळे कारभारी म्हणत. आदल्या वर्षी जंगलाचा एक गार्ड तिथे कागद घेऊन आला. राबाची परवानगी आहे, असं सांगून त्याने तिघांचे अंगठे घेतले. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजायची. त्यासाठी ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडायला मुभा होती. सागाला मात्र हात लावायचा नाही. अंगठे दिल्यावर कळलं की कागदावर लिहिलं होतं, आम्ही साग तोडला. तिघेही आठ दिवस कोठडीत बसून आले. त्यातला एक कारभारी स्वतः.

तेव्हापासून तो दर बाजारच्या दिवशी शाळेच्या पायरीशी येऊन बसायचा. मागणी एकच. आमच्यातलं एक तरी पोर वाचतं झालं पाहिजे, पाड्यावर शाळा द्या. जागेची अडचण नको म्हणून तो आपलं खळं द्यायला तयार होता. मी त्याच्या वतीने जिल्हा स्कूल बोर्डाकडे अर्ज लिहिला होता आणि बोर्डाने विचार करतो असं कळवलं होतं. आमच्याकडे एवढं उत्तर येणं ही सुद्धा मोठी गोष्ट होती.

आम्ही पाड्यावर जायच्या आदल्या बाजारी मी कारभाऱ्याला गाठलं. एक साहेब येणार आहे, बंगल्यात उतरलाय, कुठला माणूस ते कळत नाही, झाडांची नावं विचारेल, तेव्हा सांभाळून बोला, असं त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, त्याला ताक फुंकायला मी शिकवायची गरज नव्हती. तरी मी शिकवलं.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बायका भात कांडत होत्या, त्यांनी मुसळं थांबवली. प्राध्यापकांनी सगळ्यांना नमस्कार केला, घोंगडीवर मांडी घातली, वही उघडली आणि पेन्सिलीला टोक केलं. ते टोक काढणं सगळा पाडा बघत होता. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. हात, पाय, डोळा, पाणी, विस्तव, सगळ्यांची नावं लोकांनी सांगितली. मग प्राध्यापक उठले आणि अंगणापलीकडच्या एका झाडाकडे बोट करून म्हणाले, ह्याला काय म्हणता?

तो साग होता. सुपाएवढी पानं, आंधळ्यालाही चाचपून कळावा असा. पण प्राध्यापक गिरगावात वाढलेले. साग त्यांनी फक्त कपाटाच्या रूपात पाहिला असावा.

"ऐन," कारभारी म्हणाला.

पलीकडे कुडा होता. तोही ऐन. त्याच्या मागे धावडा होता. तोही ऐन. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकल्याचं सोंग घेतलं. प्राध्यापक मात्र ताठ झाले. ते पद्धतीचे पक्के होते. त्यांनी एका म्हाताऱ्या बाईला बाजूला नेऊन तीच झाडं दाखवली. तिने पदर सावरला आणि सांगितलं, ऐन. पाड्याबाहेर गुरं राखणारा एकजण भेटला, त्यालाही विचारलं. त्याने आधी माझ्याकडे, मग वहीकडे, मग खाकी कोटाकडे बघितलं आणि म्हणाला ऐन. हीच माणसं साल हुंगून चाळीस झाडं सांगत, हे मला ठाऊक होतं. आजारात कुठली साल आणि बाळंतिणीला कुठला पाला, ह्यात त्यांची कधी चूक होत नसे.

निघताना प्राध्यापकांनी शेवटचा प्रश्न विचारला. खरं म्हणजे काय, हे तुमच्या बोलीत कसं सांगाल?

कारभाऱ्याने वहीकडे बघितलं. "कागदावर लिवलेलं आसंल ते," तो म्हणाला.

प्राध्यापकांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि त्याच्याखाली दोनदा रेघ मारली. मला त्याच्या आठ दिवसांच्या कोठडीची आठवण झाली आणि हसू गेलं.

परतीच्या वाटेवर प्राध्यापक आनंदात होते. त्यांच्या मते त्यांना हवं होतं ते सापडलं होतं. सगळ्या झाडांना एकच नाव असेल तर ह्या लोकांना झाडाझाडातला फरक मनातही करता येत नाही. आणि सत्याला स्वतंत्र शब्द नसल्यामुळे सत्याची कल्पनाही नाही. मी नुसतं हूं हूं करत होतो. मग त्यांनी सहज सांगितलं की बोर्डातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांचं मत मागवलंय, अशा पाड्यांवर शाळा काढून उपयोग आहे का, म्हणून. ते आता लिहिणार होते की इथे आधी शब्द हवेत, अक्षरं नंतर.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण काय सांगायचं? ते खोटं बोलले, कारण ते साग तोडतात असा संशय खात्याला आहे, असं? आणि हा माणूस खात्याचाच असला तर? मी आडून विचारलं, आज जेवण कुठे. ते म्हणाले, आज जंगलाचे साहेब मुक्कामाला आहेत, त्यांच्याबरोबरच. झालं. माझ्या तोंडाला कुलूप बसलं. शाळा गेली तरी चालेल, पण माझ्या तोंडच्या शब्दाने कुणी कोठडीत जायला नको, असं मी स्वतःला बजावलं. त्या वेळी मला ते शहाणपण वाटलं. खरं तर मला आपण फार सावध आहोत ह्याचा गर्व झाला होता.

महिन्याभरात बोर्डाचं पत्र आलं. तज्ज्ञांच्या मतानुसार सदर पाड्यावर शाळा तूर्त नको. तज्ज्ञ ह्या शब्दावर माझी नजर बराच वेळ अडकून राहिली. पुढच्या बाजारी कारभारी पायरीशी येऊन बसला, तेव्हा मी मागच्या दाराने घरी गेलो. त्याच्या पुढच्या बाजारीही.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली. गुरांचा बाजार बघायला मी मुरबाडहून चालत गेलो होतो. बैलांच्या रांगेत तीच सोला हॅट दिसली. प्राध्यापक बैलांच्या दलालांकडून रंगांची आणि शिंगांची नावं लिहून घेत होते. मी टाळून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. बंगल्यात उतरलात का, असं मी खवचटपणे विचारलं. ते म्हणाले, आता तिथे पाऊल ठेवायची सोय नाही. साहेबांचं सामान पाड्यातल्या माणसांकडून फुकट वाहून घेतलं जात होतं. त्यावरून त्यांनी जेवताना साहेबांना सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी बिछाना बाहेर आला. सध्या ते मुरबाडला एका मास्तरांच्या ओटीवर राहत होते.

म्हणजे मी ज्याला लांडगा समजून बसलो होतो तो साधा माणूस निघाला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथेच, बैलांच्या मधे, मी सगळं सांगितलं. कोठडी, साग, राब, आणि सांभाळून बोला असं मीच सांगितलं होतं तेही.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. जवळच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"तिघांनी तीन ठिकाणी माझ्या प्रश्नामागचा प्रश्न ओळखला," ते म्हणाले, "आणि मी लिहिलं की त्यांना विचार करता येत नाही." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?"

मी त्यांच्या हॅटकडे बघितलं. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी ती काढून काखेत धरली. म्हणाले, शब्दाचा अर्थ शब्दात शोधत मी आयुष्य घालवलं, आणि कोण विचारतो ह्यावर तो ठरतो हे मला कुणी शिकवलं नाही.

त्यांनी बोर्डाला दुसरं पत्र लिहिलं, आपलं मत चुकीचं होतं म्हणून. कारण काय हे लिहिता येईना, कारण ते लिहिलं असतं तर पाडा पुन्हा गोत्यात आला असता. बिनकारणाच्या माफीला बोर्डाने किंमत दिली नाही. पुढे लढाई सुरू झाली आणि शाळा हा विषयच मागे पडला.

पण जत्रेहून आल्यावर लगेचच्या रविवारी मी पाड्यावर गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होतो. कारभारी खळ्याच्या कडेला बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, माझं गप्प बसणंही.

"तुमीच सांगलंत सांबाळून बोला," तो म्हणाला. "आमी बोललो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी खळ्याकडे पाहिलं. ते ताजं शेणाने सारवलेलं होतं. भात झोडून कधीच झालं होतं, पाखडणीही उरकली होती, मग सारवण कशासाठी, हे मी विचारलं नाही. शाळा येईल म्हणून दिवाळीपासून दर आठवड्याला ते सारवलं जात होतं, असं नंतर त्याच्या बायकोकडून कळलं. बोर्डाची शाळा नाही तर नाही, मी दर रविवारी येऊन शिकवेन, असं मी त्याला म्हटलं. तो उठून गेला आणि पोरं गोळा करून घेऊन आला.

अकरा पोरं खळ्यावर रांगेत बसली. पाड्यातली मोठी माणसं झोपडीच्या कुडाला टेकून उभी राहिली. मी पिशवीतून हजेरीची वही काढली. शाळेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हजेरीशिवाय शाळा कशी सुरू करायची तेच ठाऊक नसतं. रांगेत पहिली एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, कारभाऱ्याची नात. मी पेन्सिल टेकवली आणि तिला नाव विचारलं.

तिने आजाकडे बघितलं. आजाने वहीकडे.

"ऐन," तो म्हणाला.

मी सवयीने ते लिहिलंसुद्धा. मग शेजारच्या पोराला विचारलं. त्याच्या बापाने कुडाजवळून सांगितलं, ऐन. तिसऱ्याला विचारायची मला हिंमत झाली नाही. कुणी हसत नव्हतं. ते मला चिडवत नव्हते, माझ्यापासून सांभाळून राहत होते. मीच शिकवलं होतं तसं.

मी ते पान फाडलं, चुलीत घालायला कारभाऱ्याच्या हातात दिलं, वही पिशवीत टाकली आणि पिशवी नेऊन खळ्याबाहेर कुंपणाच्या खुंटाला अडकवली. पेन्सिलही त्यातच. परत येऊन एक काटकी उचलली आणि त्या सारवलेल्या जमिनीवर पहिलं अक्षर काढलं. पोरं वाकून बघू लागली. एकेकाने बोटाने गिरवलं. दोन-तीन अक्षरं झाली, ऊन डोक्यावर आलं, मी जायला उठलो. ती मुलगी माझ्या मागोमाग कुंपणापर्यंत आली. खुंटावरच्या पिशवीकडे तिने एकदा नजर टाकली, ती बंद आहे ह्याची खात्री केली, आणि मग हळूच तिने मला आपलं नाव सांगितलं.

ते नाव मी कुठेही लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही.