धुरावर वाळलेली फाक

माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं, हे माहेरी धसईकडे सगळ्यांना ठाऊक होतं. शेणव्याच्या पुढच्या या गावात सून म्हणून आले, तेव्हा इथेही ते कळायला फार दिवस लागले नाहीत. तरी एका गोष्टीबद्दल मी बारा वर्षं तोंड उघडलं नव्हतं. ती गोष्ट आमच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर, चुलीच्या अंगाला ठेवलेली होती.

माझे सासरे तीरकमठे करतात. विकायला नाही, घरच्यांसाठी. घराण्याची रीत अशी, की मूल जन्मलं की त्याच्या वाट्याचं धामणीचं लाकूड राखून ठेवायचं आणि ते आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याला त्याचा कमठा करून द्यायचा. धामणीची झाडं आमच्या उताराच्या वरकस जमिनीच्या बांधावरच आहेत. पानं झडल्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात बिनगाठीचं सरळ खोड बघून सासरे ते तोडतात, मधोमध उभं फोडतात आणि त्यातली चांगली फाक ठेवतात. दोन्ही तोंडांना शेण आणि राख कालवून जाड थापतात, म्हणजे ओल तोंडातून घाईने पळत नाही आणि लाकूड तडकत नाही. पहिला पावसाळा ती फाक पडवीच्या आढ्याला सावलीत पडून असते. मग ती माळ्यावर जाते, चुलीच्या अगदी वर नाही, हातभर बाजूला. जाळ लागू नये, धूर मात्र रोज लागावा. दर अवसेला सासरे शिडी लावून वर चढतात आणि फाक कुशीवर वळवतात. उन्हात ठेवून काम उरकलं असतं, असं मी एकदा म्हटलं होतं. ते म्हणाले, "उन्हानं वरून वाळतं गो, आतून नाय."

माझी थोरली मुलगी मार्गशीर्षात झाली. माघात सासरे तिच्यासाठी धामण तोडून आले, तेव्हा शेजारचा एक म्हातारा हसला. पोरीला कशाला कमठा, म्हणाला. सासऱ्यांनी तिथल्या तिथे सुनावलं, "वावरात वांदर आलं तर त्याला काय कळतं, बाण पोरीचा का पोऱ्याचा?" मला फार बरं वाटलं होतं. तिला मांडीवर घेऊन मी ती फाक दाखवली होती, आणि तिने शेणाने माखलेल्या तोंडाला हात लावून सगळा हात बरबटून घेतला होता.

भादव्यात तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. नऊ महिन्यांची होती.

तिचं झबलं, वाळे, पाळण्याची दोरी, सगळं कुणी कुणी उचलून दिसेनासं केलं. फाक मात्र पडवीतच राहिली आणि पाऊस सरल्यावर रीतीप्रमाणे माळ्यावर गेली. मी रोज भाकऱ्या थापायला बसायचे आणि मान वर केली की ती दिसायची. नवऱ्याला एकदा म्हटलं, काढा ती तिथून. तो म्हणाला, बाबांना सांग. बाबांना मी सांगितलं नाही. नंतर नंतर तर ती तिथे नसेल तर काय, या विचारानेच जीव घाबरायला लागला. घरात तिचा विषय बंद झाला. तीन वर्षांनी धाकटी झाली, तिची फाक शेजारी येऊन बसली, आणि धाकटीला आम्ही काही सांगितलं नाही. गावात कुणी सांगितलं असेल तर तिनेही कधी दाखवलं नाही.

मग घरात गॅस आला. कुणी काही म्हणो, धुराने डोळे गेलेल्या बाईलाच गॅसची किंमत कळते. मी चूल अंगणात हलवली, तिच्यावर फक्त अंघोळीचं पाणी तापायला लागलं. दिवाळीआधी मी स्वयंपाकघराला चुना लावायचं ठरवलं. वर्षानुवर्षांची काजळी होती, बोट लावलं की बोट काळं. भिंती खरवडल्या, वासे पुसले आणि पुसता पुसता धाकटीची फाक खाली घेऊन सोड्याच्या पाण्याने घासूनपुसून लख्ख केली. खालून मधासारखा रंग निघाला. मला आपलं कौतुक वाटलं. थोरलीच्या फाकेला हात लावायला मात्र हात उचलेना. ती होती तशी काळी ठेवली आणि तिच्याभोवती चुना लावला.

सासऱ्यांनी बघितलं. म्हणाले, "पुसायची नव्हती गो." मी म्हटलं, "घर स्वच्छ केलं तर त्यातपण खोट का?" ते गप्प बसले. ते गप्प बसले की मला आपण जिंकलो असं वाटतं, ही माझी जुनी खोड.

धाकटी आता आश्रमशाळेत आहे, चौथीत. शाळेत तिरंदाजी शिकवतात. बांबूची धनुष्यं आहेत, पण पाच पोरांत एक. तिचा नेम बरा आहे म्हणून गुरुजींनी निरोप पाठवला, सुट्टीत घरी सराव करून घ्या, पुढच्या वर्षी हिला स्पर्धेला उतरवू. ती नऊ वर्षांची झालीच होती. सासऱ्यांनी शिडी लावली, तिची फाक खाली घेतली आणि उजेडात धरून उलटसुलट केली. खालच्या अंगाला सुईने टोचल्यासारखी भोकं होती, माळ्याच्या अंधारात वळवताना ती त्यांना कधी दिसली नव्हती. त्यांनी ती उंबऱ्यावर आपटली तर पिठासारखा पिवळा भुसा सांडला. धूर बंद झाला होता आणि काजळी मी धुऊन टाकली होती, किड्यांना आणखी काय पाहिजे? करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी विचारलं, "नवीन तोडली तर?"

"वाळायला तीन पावसाळे," सासरे म्हणाले आणि आपला उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता. गेल्या वर्षापासून थरथरतो. मग वर न बघता हळूच म्हणाले, "दुसरी हाय."

"तिला हात लावायचा नाय," मी ओरडले. सासऱ्यांवर एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडले नव्हते. पुढे आणखी बोलले. म्हटलं, एका पोरीचं काढून दुसरीला द्यायचं का? तिचं म्हणून एवढंच राहिलंय या घरात. सासरे खाली बसून सांडलेला भुसा हाताने गोळा करत राहिले.

सुट्टी लागली, धाकटी घरी आली. झालेलं ऐकून रडली नाही. ओल्या बांबूची एक कामटी वाकवून, तिला सुतळी बांधून अंगणात बाण मारत बसली. दोन दिवसांत कामटी मऊ पडली, बाण पायापाशी पडायला लागले. मी आत तांदूळ निवडत होते. बाहेर आज्या-नातीचं बोलणं चाललं होतं.

"आज्या, वर एक काळी हाय. ती का नाय घेत?"

"ती तुझ्या आयची हाय."

"आयला कशाला पाहिजे कमठा?"

माझं सूप हातातच राहिलं.

सासऱ्यांनी ती माझी म्हणून सांगितली होती. घराची नाही, त्यांची नाही, तोडून आणणारे ते असून. मी उठले, शिडी लावली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्या फाकेला हात लावला. वाटलं होतं, जिथे ती माळ्याला टेकली होती तिथे उजळ पट्टा असेल. तसा कुठेच नव्हता. चारी अंगांनी काजळी सारखी होती. तोंडांवरचं शेणही जुनं नव्हतं, थर देऊन देऊन चांगलं बोटभर जाड झालं होतं. म्हणजे दर अवसेला या माणसाने शिडी चढून दोन्ही फाका वळवल्या होत्या. माझा समज, धाकटी झाल्यापासून ते तिच्या एकीच्या फाकेसाठीच चढतात. मी माळ्यावर तोंड लपवून रडले. बारा वर्षं मला वाटत होतं, या घरात तिला एकटी मीच धरून बसले आहे.

खाली आणून मी ती सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून बघितली. टणटणीत वाजली.

"लई वाळलीय," ते म्हणाले. "वाकवताना मोडेलपण. मोडली तरी चालंल, आसं वाटत आसंल तरच दे पोरी. नायतर ठेव परत."

"करा," मी म्हटलं.

कोयता त्यांच्या हातात राहीना म्हणून मी चालवला. कुठे आणि किती, ते बोटाने दाखवायचे. काजळीखाली साल, सालीखाली लाकूड. मग काचेच्या तुकड्याने खरवडायचं, पोटाच्या, म्हणजे आतल्या बाजूने, पाठीला धक्का न लावता. सहा दिवस लागले. प्रत्येक वेळी गुडघा टेकवून फाक थोडी वाकवताना ती तडकते का, ते मी कान देऊन ऐकायचे. सातव्या दिवशी दोरी चढवली. करकरली, पण मोडली नाही.

धाकटीने कमठा उभा धरून बघितला. तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता. अंगठ्याने तिने मुठीजवळ राहिलेली थोडी काजळी पुसली आणि विचारलं, "आय, माझी तर किड्यानं खाल्ली. मग ही कुणाची?"

सासरे कोयता पुसत होते, त्यांचा हात थांबला.

"तुझ्या ताईची," मी म्हटलं.

ती एकदम हरखून म्हणाली, "मला ताई हाय?"

होती, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हाय."