हाडांचं औषध

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली. पण पेणजवळच्या जोहे गावातल्या, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यातली ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा रोह्याला निरीक्षक होतो. एका प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई गाडीच्या ड्रायव्हरला घेऊन ठाण्यात आल्या. मुंबईहून येताना तो महामार्गावरच्या खांब गावात चहाला थांबला आणि गाडीतली थर्माकोलची पेटी चोरीला गेली. हद्दीचा वाद न घालता मी गुन्हा नोंदवून घेतला.

पेटीत कोरड्या बर्फात ठेवलेल्या इवल्या कुप्या होत्या. त्यात प्रथिन होते. आपल्या शरीरात ते कणभर तयार होते. माणसाचे जनुक जिवाणूत घालून प्रयोगासाठी ते वेगळे बनवतात. मी किंमत विचारली. बाई म्हणाल्या, “साहेब, किमतीचं सोडा. औषध समजून कुणी टोचून घेतलं तर?”

ड्रायव्हर घाबरला होता. घाबरलेला माणूस दरडावल्यावर खोटेच बोलतो. मी त्याला पाणी दिले, घरची चौकशी केली. मग त्याने सांगितले की टपरीवर शेजारी बसलेल्याला तो सहज बोलून गेला होता, ‘हाडांचं औषध हाय आत.’ त्या माणसाच्या नखांत पांढरे प्लास्टर होते. म्हणजे मूर्तिकार, आणि मूर्तिकार म्हटला की पेण. मी पेणच्या ठाण्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिथल्या खबऱ्याचा निरोप आला: जोह्यात एका कारखान्यात धूर सोडणारी पेटी आहे, आणि कंपाउंडरला बोलावणे गेले आहे.

बाईंना जीपमध्ये घेऊन निघालो. पोचलो तेव्हा न रंगवलेल्या मूर्तींच्या मधोमध खाटेवर एक मुलगी निजली होती, पाय प्लास्टरमध्ये. कंपाउंडरने सुई भरली होती. मी त्याचे मनगट धरले.

मुलीचा बाप पळाला नाही. हात जोडून म्हणाला, “पोरीची हाडं काचंसारखी हायत, साहेब. औषध हाय, मंग तिला का नाय?”

बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. “दादा, हे औषध नाही. यानं रक्तातल्या पेशी हाडं खाणाऱ्या होतात.”

त्याने एकदा सुईकडे पाहिले, एकदा मुलीकडे. मग मूर्तीच्या पाटाला धरून खाली बसला.

गुन्हा त्याने कबूल केला. न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. बाईंनी मुलीला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवले. उपचार लागू पडले. वर्षभरात ती काठी घेऊन शाळेत जाऊ लागली.

पुढे बाईंनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावले. ज्या पेशी रोगांशी लढतात, त्यांचीच भावंडे त्या प्रथिनाने एकमेकांत मिसळून अवाढव्य झाली होती, आणि हाडाच्या चकतीवर त्यांनी खड्डे कोरले होते. हे आपल्या प्रत्येकात सतत चालते, त्या म्हणाल्या. एक टोळी जुने हाड पाडते, दुसरी नवे बांधते. पाडणाऱ्यांना आवरायचे कसे, तेच त्या शोधत होत्या. मी बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभा होतो. इतकी वर्षे माणसे ओळखतो म्हणवणाऱ्या मला माणूस आतून ठाऊकच नव्हता.

लोभापायी केलेली चोरी मी खूप पाहिली. आशेपायी केलेली चोरी त्याहून घातक ठरू शकते, हे तिथे कळले. त्यानंतर आरोपी कितीही दांडगा असो, त्याचा दंड धरताना हाडांत अखंड चाललेले ते बांधकाम आठवायचे, आणि माझी पकड आपोआप हलकी व्हायची.