जोडीचं रगत

पन्नासच्या दशकात मी मालेगावला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. सूक्ष्मदर्शकातून जंतू ओळखायला डॉक्टरांनी मला शिकवलं होतं आणि त्या विद्येचा मला भारी ताठा होता.

एकदा मेडशीचा एक शेतकरी आला. त्याचा बैल उभ्याउभ्या कोसळून मेला होता, नाकातून काळं रक्त आलं होतं. मला फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय आला. हा रोग गुराला बघता बघता संपवतो, माणसालाही सोडत नाही. मी त्याला काचपट्ट्या दिल्या आणि म्हणालो, "बैलाच्या कानाचं थेंबभर रगत यावर लावून आन."

"एकच राह्यला जी आता," तो म्हणाला. "तोई गेला तं वखर कोन ओढीन?"

दुसऱ्या दिवशी त्याने काचा आणल्या. मी निळा रंग चढवून डोळा लावला आणि गोंधळलो. फाशीच्या जंतूंच्या काड्या गुलाबी कडेसकट दिसत होत्या खऱ्या, पण मोजून चार. फाशीने मेलेल्या जनावराच्या रक्तात त्यांची जत्रा भरलेली असते. बरं, कुजक्या मड्यातले दुसरे जंतू म्हणावेत, तर त्यांना ही कडा नसते. भिंग पुसलं, दुसरी काच रंगवली. तेच! शिकलेल्या सगळ्याचा काला झाला. आता डॉक्टरांना काय सांगायचं, तेच कळेना.

शेवटी चिडून विचारलं, "मड्याचं रगत कधी काढलं?"

"मड्याचं? नाई जी! मेल्याच्या कानाले सुरी कशी लावू? त्याले तं कुंकू लावून मातीत देल्लं. हे जित्याचं हाय, आज सकाळचं. जोडीच व्हय ना, रगत एकच."

माझा पारा चढला. "डोकं आहे का तुला?" मी ओरडलो, आणि ओरडता ओरडताच मला घाम फुटला. त्या चार काड्या जित्या बैलाच्या रक्तात होत्या.

त्याला चेहऱ्यावरून कळलं असावं. "म्हंजे त्याले बी?" एवढंच तो म्हणाला आणि खालीच बसला.

मिळाली ती मोटार धरून डॉक्टर आणि मी मेडशीला गेलो. बैल अंगात ताप घेऊन मान टाकून उभा होता, कडबा पुढ्यात तसाच पडलेला. डॉक्टरांनी सीरम दिलं, पेनिसिलिन टोचलं. तिसऱ्या दिवशी त्याने कडब्याला तोंड लावलं.

ते सांगायला शेतकरी मुद्दाम मालेगावला आला. "म्या म्हनलं नोतं, रगत एकच?" तो हसून म्हणाला.

त्याने मेलेल्याचं रक्त आणलं असतं, तर मी रोग झोकात ओळखला असता आणि जित्याला धडधाकट समजून त्याच्याकडे जायला उशीर केला असता. मग चूक कोणती आणि बरोबर काय? आणखी एक गोष्ट मला त्या दिवसापासून टोचत होती. काचा देताना मी 'बैलाच्या' एवढंच म्हणालो होतो. कोणत्या, ते सांगायचं मीच विसरलो होतो.

शिव्या मात्र त्याने खाल्ल्या. तो माझ्यासमोर हसत उभा होता, तरी हे मी त्याला सांगितलं नाही.