दुपारी वाढणाऱ्या फायली

माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं न मागता चार थेंब जास्त घातले तरी मी आधी पातेलं हुंगते. त्यात चार वर्षं हाडं झिजवून लिहिलेला माझा पीएचडीचा प्रबंध घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर होता, आणि तो द्यायला उरले होते पंधरा दिवस. अशात त्या फायली दिसल्या.

नावं म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. मधेच के, मधेच मोठा बी, अर्थ शून्य. आधी तीन होत्या, आठवड्यात सात झाल्या. वेळ बघितली, तर सगळ्या दुपारी दोन ते चारमधल्या. तेव्हा मी कॉलेजात, नवरा बँकेत, आणि घरी एकटे सासरे. ते दुपारी झोपतात, असं मी धरूनच चालले होते.

नवऱ्याला विचारलं, "काय डाउनलोड करून ठेवलंस रे?"

"मी काहून करू? व्हायरस असेल," असं म्हणून तो जेवायला बसला.

मी मात्र ताट तसंच ठेवून कॉम्प्युटरकडे गेले. कॉलेजातल्या एका मॅडमचं सगळं काम असंच व्हायरसनं कुलूपबंद केलं होतं. मी स्कॅन केलं, काही सापडलं नाही. पण चोर काय पाटी लावून येतो? फायली दिसायला साध्या वर्डच्या होत्या, आणि असल्या भानगडी साध्या फायलींतूनच शिरतात, असं मी वाचलेलं. म्हणून एकीलाही हात लावला नाही.

संशय फिरत फिरत आमच्या शहरातल्या गोहलपूर भागातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यावर गेला. महिन्यापूर्वी त्यानंच मशीन उघडलं होतं. कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि ऑटोत घालून त्याच्याकडे नेला.

त्यानं तपासलं. "मॅडमजी, कुछ नहीं है. एक खोल के देख लूँ?"

"खबरदार!" मी दुकानात ओरडलेच. याला उघडायची एवढी घाई काहून, हाच माझा पुढचा संशय. प्रबंध पेनड्राइव्हवर घेतला, तीनदा तपासला आणि म्हटलं, "बाकी सब साफ करो. फॉर्मेट."

"सब? पक्का?"

"पक्का."

दोन रात्री छान झोपले. तिसऱ्या दिवशी कॉलेज लवकर सुटलं. घरी आले तर सासरे कॉम्प्युटरसमोर बसलेले, चष्मा कपाळावर.

"बेटा, माझ्या फायली काहून दिसत नाहीत गं?"

"तुमच्या?"

बाबा, म्हणजे सासरे, कोर्टात टायपिस्ट होते, हे मला माहीत होतं. पण जे मोबाइलवर फोन घ्यायलाही मला हाक मारतात, ते कॉम्प्युटर चालवत असतील हे डोक्यातच आलं नाही. इथं कोर्टाचं काम हिंदीत, म्हणून त्यांचा हात हिंदी टाइपरायटरवर बसलेला. जुना हिंदी फॉन्ट लावला की पानावर देवनागरी उमटतं, फायलीच्या नावाला मात्र फॉन्ट लागत नाही, तिथे त्याच बटणांची इंग्रजी अक्षरं पडतात. एक फाईल उघडली असती तर समोर चक्क मराठी दिसलं असतं.

"लहानपणापासूनचं लिहून राहिलो होतो," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षं लोकांच्याच जबान्या टाइप केल्या. म्हटलं, आता आपली करू."

मी तशीच डबा घेऊन गोहलपूरला पळाले. दुरुस्तीवाल्यानं तासभर खटपट केली आणि नकारार्थी मान हलवली; फायली गेल्या त्या गेल्याच. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं पैसेही न घेता डबा ऑटोत ठेवून दिला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शरमेनं मान वर होत नव्हती. "मला विचारायचं होतंस," एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुझा प्रबंध तर वाचला ना, बेटा?"

"हो, बाबा," मी म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा मला त्याचं बरंच वाटलं.